अक्काने म्हटलेलं 'सरी'

'सरी' हा शब्द कानडी आहे, मराठी नाही, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. खरं तर आधीच कळायला हवं होतं. बेंगळूरला रिक्षावाला, भाजीवाली, बसचा कंडक्टर, सगळे दिवसभर 'सरी, सरी' म्हणत असतात. ठीक, बरोबर, चालेल, असा त्याचा अर्थ. पण आम्ही घरात मराठी बोलतानाही तो इतका वापरायचो की तो बाहेरून आला असेल असं कधी मनात आलं नाही. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, दाराबाहेर कानडी. कोणता शब्द कुठला, हे तपासत कुणी बसलं नाही. मराठी आरती संपली की आई म्हणायची, "सरी, आता ऊटाला बसा." जेवणाला ऊटा म्हणतात हेही आम्हाला मराठीच वाटायचं.

या शब्दामुळे नऊ माणसांचं काम गेलं. ते कशामुळे जातं आहे हे मला ते जाण्याच्या चार दिवस आधी कळलं होतं, आणि मी बोललो नाही. अक्काखेरीज हे कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. यशवंतपूरला, गुळाच्या एका वखारीच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. आम्ही कारखान्यांसाठी संगणकावरचे धडे बनवायचो आणि ते सांभाळणारी सिस्टीमही. धडे सीडीवर असायचे. कोणत्या कामगाराने कोणता धडा कधी उघडला, किती वेळ पाहिला, प्रश्नांना काय उत्तरं दिली, याची नोंद त्या कारखान्यातला संगणक ठेवायचा आणि दर सकाळी टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने आमच्याकडे पाठवायचा. इथे ती एकत्र व्हायची आणि कोण उत्तीर्ण, कोण अनुत्तीर्ण याची यादी निघायची. नोंदींचा भाग मी लिहिला होता. त्याचा मला अभिमान होता.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बोम्मसंद्राचा एक कारखाना होता. तिथे पत्रा दाबणारी मोठी प्रेस मशिनं होती आणि आमचे धडे त्या मशिनांवरच्या सुरक्षेचे होते. कानडी आवाजातले धडे तिथे चांगले चालले. मग त्यांच्या महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी मराठी धडे हवे झाले. साहेबांनी बैठकीत विचारलं, "मराठी कोणाला येतं?" मी हात वर केला. आवाजासाठी बाईमाणूस हवं म्हणाले, तर अक्काचं नावही मीच सुचवलं.

अक्का माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. हेब्बाळच्या एका कानडी प्राथमिक शाळेत शिकवायची. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, लग्न केलं नाही. मराठी शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. मराठी वाचायला ती आईच्या पोथ्यांवरून शिकली. पण तिचा आवाज स्वच्छ होता आणि वर्गात बोलून बोलून त्याला एक धीर आलेला होता. चुकणाऱ्याला भीती वाटू नये असा तो आवाज होता.

रेकॉर्डिंग ऑफिसच्याच एका खोलीत झालं. खाली लॉऱ्यांचे भोंगे, म्हणून भिंतींना गाद्या लावल्या होत्या. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ कानडी, पन्नाशीचे, पूर्वी नाटक कंपनीत होते. अक्काने दोन दिवस सगळे धडे वाचले. शेवटी राहिले ते प्रश्नांनंतरचे शब्द. उत्तर चुकलं तर 'पुन्हा बघा', आणि जमलं तर 'बरोबर'. 'बरोबर' काही केल्या नीट येईना. दरवेळी ते हजेरी घेतल्यासारखं यायचं.

"अक्कावरे, स्वल्प हसून म्हणा," ते गृहस्थ म्हणाले.

"चाळीस वेळा बरोबर बरोबर म्हटल्यावर हसू कुठून येणार हो?" अक्का म्हणाली. "म्हणता म्हणता माझंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलंय."

"वर्गात मुलांना काय म्हणता?"

"वर्गात?" तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि मान जराशी तिरकी करून म्हणाली, "सरी!"

त्या एका शब्दात शाबासकी होती. गृहस्थांनी बोट वर केलं. मी काचेमागून म्हणालो, "अक्का, हेच ठेवू या."

"तम्मा," अक्का म्हणाली, धाकट्या भावाला ती हीच हाक मारते, "कागदावर तर हे लिहिलेलं नाही."

"कागद मीच लिहिलाय की."

"बघ हो. मग मला सांगू नकोस."

ती अगदी सहज म्हणाली. मलाही ते सहजच वाटलं.

धडे पाठवण्याआधी आम्ही चाचणी घेतली. बोम्मसंद्राच्याच कारखान्यात घरी मराठी बोलणारे सात-आठ कामगार होते, त्यांना बसवलं. सगळे इथलेच, आमच्यासारखे. सगळे उत्तम मार्कांनी उत्तीर्ण झाले. एकाने तर जाताना विचारलं, "कोण हो त्या अक्का? आमच्या चिक्कम्मासारख्या बोलतात." चिक्कम्मा म्हणजे मावशी. हे मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा अक्का त्या दिवसभर खूश होती. सीडीची एक प्रत मी तिला दिली होती. घरात संगणक नव्हता. तिने ती दूरदर्शन संचावर, विणलेल्या रुमालाखाली ठेवली.

आता सिस्टीमची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशी येतं. परीक्षा म्हणजे नुसती परीक्षा असू नये, तिनेही शिकवावं, अशी माझी कल्पना होती. म्हणून उत्तर दिल्याबरोबर आवाज यायचा आणि कामगाराला वाटलं तर उत्तर बदलता यायचं, तीन वेळा. तिसऱ्यानंतर प्रश्न बंद. मार्क शेवटच्या उत्तराला. साहेबांनी या कल्पनेचं फार कौतुक केलं होतं. पडद्यावर मराठी अक्षरं त्या काळी नीट उमटायची नाहीत, म्हणून तिथे फक्त चित्रं आणि एक, दोन, तीन असे आकडे होते. बाकी सगळं कानाने. उत्तर बरोबर असेल तर चौकट हिरवी व्हायची, चूक असेल तर लाल.

महाराष्ट्रातून पहिल्या तुकडीचे निकाल आले आणि त्या मंगळवारी तिथल्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांचा फोन आला. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, फक्त आवाजाची ओळख होती. मोकळा माणूस.

"काय बेंगळूरकर, तुमच्या बाई फार कडक आहेत हो! चौदा बसले आणि नऊ आपटले."

"नऊ?"

"आणि पास कोण झालं विचारा. जे उत्तर दाबलं की हेडफोन गळ्यात टाकून खिडकीबाहेर बघत होते ते. आमची चांगली चांगली पोरं गेली. हे सगळे टेंपररी आहेत, शनिवारी कायम कोणाला करायचं त्याची यादी लागायचीय. तुमच्याच मार्कांवर आहे सगळं. जे पास नाहीत त्यांना ब्रेक, म्हणजे घरी."

मी काहीतरी बोललो. प्रश्न कदाचित अवघड झाले असतील, असं काहीसं.

"अवघड कसले? पण एक विचारू का? त्या बाई सारखं सॉरी सॉरी का म्हणतात? चुकलं तर चुकलं म्हणा की सरळ. एवढी माफी कशाला मागायची?"

मी म्हणालो, "बघतो." फोन ठेवला.

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहावं म्हणून बराच वेळ आठवून पाहिलं. काही वाटल्याचं आठवत नाही. खाली गुळाच्या ढेपा उतरवत होते आणि कोणीतरी मोठ्याने मोजत होतं, एवढं आठवतं. मग मी संगणकाशी बसलो आणि पूर्ण नोंदी उघडल्या. यादीत फक्त शेवटची उत्तरं दिसायची, पण आत सगळी असायची, पहिलं, दुसरं, तिसरं, प्रत्येक वेळेसह. ती ठेवायची सोय मीच केली होती.

पानामागून पान तेच होतं. पहिलं उत्तर बरोबर. चार-पाच सेकंदांची शांतता. मग दुसरं उत्तर, चूक. मग तिसरं, तेही चूक. त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं, अक्काने त्यांना 'सरी' म्हटलं होतं, त्यांनी 'सॉरी' ऐकलं होतं आणि उत्तर बदललं होतं. रंगाने ओळखता आलं असतं, पण त्या कारखान्याने प्रशिक्षणाच्या खोलीतल्या संगणकांना ऑफिसातले जुने, एकरंगी पडदे जोडले होते हे मला माहीत होतं. त्यांच्यावर हिरवा आणि लाल दोन्ही राखाडीच दिसायचे. जे लक्ष देऊन ऐकत होते ते नापास झाले. ज्यांनी उत्तरानंतर ऐकलंच नाही ते पुढे गेले.

कामगारांची नावं माझ्याकडे नव्हती. टोकन क्रमांक होते. त्यात चारशे सतरा हा एक होता. त्याची वीसच्या वीस पहिली उत्तरं बरोबर होती. दुसऱ्या कुणाची नव्हती. पहिल्या काही प्रश्नांना त्याने थोडं थांबून उत्तर बदललं होतं, मग मध्ये त्याचा गोंधळ झालेला दिसत होता, दोन उत्तरं त्याने बदललीच नव्हती, एका प्रश्नावर तो दीड मिनिट नुसता बसून होता. पुढच्या प्रश्नांत पुन्हा पहिलं उत्तर बरोबर आणि पुन्हा बदल. त्याला वीसपैकी दोन मार्क होते.

बुधवारी मी साहेबांकडे गेलो. पूर्ण नोंदींची छापील पानं हातात होती. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. साहेब मद्रासचे, आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. सोमवारी परदेशातले लोक सिस्टीम पाहायला यायचे होते, त्याच्या तयारीत ते होते.

"मराठी धड्यांत आवाजाची थोडी अडचण आहे," मी म्हणालो.

"नोंदी चुकीच्या होताहेत का?"

"नाही. नोंदी बरोबर आहेत."

"मग?"

"आवाजाची एक फाईल बदलावी लागेल."

"पुढच्या आवृत्तीत बदल. एका फाईलसाठी मला कशाला विचारतोस?"

मी सरी म्हणालो. इंग्रजीत बोलता बोलता माझ्याही तोंडून तेच आलं. आणि पानं हातात तशीच घेऊन बाहेर आलो. नऊ हा आकडा मी त्यांना सांगितला नाही. शनिवारही सांगितला नाही.

मला भीती कशाची होती? नोकरी गेली नसती. सोमवारचा कार्यक्रम बिघडला असता, ओरडा बसला असता. पण मला जास्त नको होतं ते दुसरंच वाक्य. 'तू तर म्हणालास मराठी येतं.' माझी मराठी महाराष्ट्रात गेल्यावर मराठी राहत नाही, हे चारचौघांत ऐकायला मी तयार नव्हतो. एवढ्यासाठीच. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अक्काला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलो. ते खरं नाही. अक्काचं नाव मी पुढे केलं, आधी ऑफिसात आणि नंतर मनात.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिला बोलावून घेतलं. एकच शब्द रेकॉर्ड करायचा होता. ती बस बदलून आली, घामाघूम झाली होती.

"एवढ्यासाठी बेगा ये, लवकर ये म्हणून शाळेत फोन? काय झालं?"

"फाईल खराब झाली अक्का. 'बरोबर' म्हण एकदा."

"सरी काय वाईट होतं?"

"सरी सरीच होतं. फाईल खराब झाली म्हणतोय ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलांचं खोटं ओळखण्यात तिची हयात गेली होती. मायक्रोफोनसमोर बसून म्हणाली, "बरोबर." पहिल्याच वेळी नीट आलं. त्यात कसलंही हसू नव्हतं. गृहस्थ म्हणाले चालेल.

नवी फाईल मी त्याच दिवशी पाठवायला काढली. पुढच्या तुकडीला ती मिळणार होती. या तुकडीचे निकाल तसेच राहिले. ते बदलायला मला फक्त एक फोन करायचा होता. 'मार्क पहिल्या उत्तरांवर धरा' एवढंच म्हणायचं होतं. सिस्टीममध्ये तशी सोय होती.

शुक्रवारी प्रशिक्षण अधिकाऱ्यांनीच फोन केला.

"बेंगळूरकर, एक जण हटून बसलाय. चारशे सतरा. म्हणतो माझी उत्तरं दाखवा, मी कुठं चुकलो ते मला बघायचंय. चार वर्षं टेंपररी आहे, काम चांगलं आहे त्याचं. पाठवता का फॅक्स?"

"पाठवतो," मी म्हणालो.

सिस्टीममधून कागद दोन प्रकारे काढता यायचा. एक होता 'संपूर्ण नोंद', दुसरा 'अंतिम उत्तरे'. पडद्यावर एकाखाली एक लिहिलेले होते. मी दुसरा निवडला. त्यात खोटं काहीच नव्हतं. एक पान निघालं. ते मी स्वतः फॅक्सच्या यंत्रात घातलं आणि ते पलीकडे जाईपर्यंत उभा राहिलो.

तासाभराने फोन आला.

"मिळाला कागद. अहो, हा गडी तर भयंकर निघाला. प्रेसचा साचा, डाय, बदलताना काय कराल, तर म्हणे मशीन चालू ठेवून हात घालून बघीन! असल्याला कसा ठेवायचा?"

त्या प्रश्नाला चारशे सतराचं पहिलं उत्तर मला पाठ होतं. मेन स्विच बंद करून कुलूप लावीन, किल्ली खिशात ठेवीन.

"बराच वेळ बघत बसला कागदाकडे. म्हणाला, साहेब, मी आधी कुलुपाचंच दाबलं होतं, पण बाई सॉरी म्हणाली." ते थांबले. "मलाही तसंच ऐकू आलं होतं. तसं काही आहे का हो रेकॉर्डिंगमध्ये?"

"नाही," मी म्हणालो. "सॉरी असा शब्द रेकॉर्डिंगमध्ये नाही."

"मग आमचेच कान चुकले म्हणायचे. संगणक कशाला सॉरी म्हणेल? सरी... असो. फायलीला लावतो कागद."

त्यांनी 'सरी' म्हटलं की 'बरं', की फोनच्या खरखरीत मलाच तसं ऐकू आलं, ते ठाऊक नाही. शनिवारी यादी लागली. सोमवारी परदेशातले लोक आले, त्यांना सिस्टीम आवडली. नोंदींचा भाग विशेष आवडला.

मी पुढे त्याच कंपनीत राहिलो. जेवत होतो, झोपत होतो, बोम्मसंद्राला जात-येत होतो. कोणी विचारलं तर बरं चाललंय म्हणायचो आणि ते बरंच चाललेलं असायचं. अक्का मधून मधून विचारायची, "माझा आवाज चालतो का रे अजून तिकडे?" मी हो म्हणायचो. तेही खोटं नव्हतं.

दशक संपत आलं तेव्हा सगळीकडे जुन्या संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायचं काम निघालं. आमच्या नोंदींतही सालाचे दोनच आकडे होते. जे जुनं आहे ते पुसून टाका, जे हवं तेवढंच दुरुस्त करा, असं ठरलं. कोणत्या नोंदी पुसायच्या हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. त्या तुकडीची फाईल मी उघडली. चारशे सतराची वीस पहिली उत्तरं जिथल्या तिथे होती. दुपारपर्यंत मी ती पुसली नाही, मग पुसली.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा अक्का अंगणात पेपर तपासत बसली होती. मी समोरच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शब्दापासून फॅक्सपर्यंत. ऐकता ऐकता तिने पेनाचं टोपण लावलं.

मग म्हणाली, "नाव काय त्याचं?"

"चारशे सतरा."

"नाव विचारतेय."

"नाव नाही अक्का. नावाचा रकाना मी ऐच्छिक ठेवला होता. त्यांनी भरला नाही."

"आणि आता तुझ्याकडे काय आहे त्याचं?"

"काही नाही. आज पुसलं."

"मग आज मला कशाला सांगितलंस?"

ती उठली, आत गेली आणि दूरदर्शन संचावरून, रुमालाखालून ती सीडी काढून आणली. माझ्या हातात दिली. रागावली नव्हती. वह्या आवरताना जसं जिथलं तिथे ठेवतात तसं तिने ते केलं.

अक्का आता निवृत्त आहे. आम्ही एकाच घरात राहतो. भाजीवालीला, शेजारणीला, फोनवर जुन्या विद्यार्थ्यांना ती 'सरी' म्हणते, दिवसातून पन्नास वेळा. मी काही सांगितलं, आज उशीर होईल किंवा औषध आणलंय, तर क्षणभर थांबते आणि म्हणते, "बरोबर."

त्या गुरुवारी गाद्या लावलेल्या खोलीत म्हणाली होती, अगदी तसंच.